एका बोल्टाची बेदखली

लोखंडाविषयी अज्ञानी राहावयाचे असेल, तर माणसाने वरणगावात घर करू नये. भुसावळहून नागपूरकडे निघालेला लोहमार्ग आणि त्याच दिशेने निघालेला हमरस्ता यांच्या शेजाराने वाढलेल्या या गावास १९६४ साली संरक्षण खात्याच्या कारखान्याचा सहवास लाभला, आणि तेव्हापासून सैनिकाच्या बंदुकीत जाणारे काडतूस घडविण्याचे, म्हणजे पितळ, शिसे व पोलाद यांना केसाच्याही अंशाइतका फरक न पडू देता मापात बसविण्याचे व्रत येथील घराघरांनी पिढीजात चालविले. तिकडे भुसावळास १९४९ पासून असाच दुसरा कारखाना, शिवाय विजेची इंजिने खोलून पुन्हा जोडणारी रेल्वेची कर्मशाळा, आणि दोन्ही गावांच्या दरम्यान दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र. अशा चार थोर संस्थांतून हार-नारळ घेऊन बाहेर पडणारी फिटर, टर्नर, वेल्डर आणि चार्जमन मंडळी अखेर आसपासच्या वसाहतींतच घरे बांधतात. नियुक्तिपत्राची मुदत संपली तरी ज्ञानाची मुदत संपत नाही, आणि ज्ञानाला रोज सकाळी कोठे तरी हजेरी लावल्यावाचून चैन पडत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने देशातील ४१ आयुध कारखान्यांचे मंडळ विसर्जित करून त्यांच्या सात कंपन्या केल्या आणि वरणगाव पुण्यास मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाच्या दप्तरी दाखल झाले. परंतु निवृत्तांचे मंडळ विसर्जित करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नसल्याने ते आमच्या गल्लीत आजतागायत अबाधित भरत आहे.

या मंडळाच्या कार्यक्षेत्रात, स्वतःच्याच अंगणात का होईना, गाडी दुरुस्त करावयास बसणे हे खासगी कृत्य राहू शकत नाही. पुण्या-मुंबईकडे गाडीखाली शिरलेल्या माणसाचे केवळ पाय दिसतात आणि जाणारे-येणारे त्या पायांना वळसा घालून आपापल्या कामास जातात. वरणगावात पाय दिसले की प्रथम ते कोणाचे याची चौकशी होते, नंतर ते तेथे कोणत्या कारणास्तव आहेत याची होते, आणि कारण समाधानकारक वाटल्यास विचारणारा चपला काढून शेजारी उकिडवा बसतो. कारण असमाधानकारक वाटल्यास तो खुर्ची मागवितो.

आमच्या शेजारचे सर हायस्कुलात गणित शिकवितात. त्यांची गाडी लहान, जुनी आणि एकंदरीत आज्ञाधारक आहे. तिचे कुळशील मी सांगत नाही, कारण बोल्ट सर्व कुळांतील गाड्यांचे मोडतात. हिवाळ्यापासून तिच्या उजव्या पुढच्या चाकातून, वळण घेताना आणि ब्रेक दाबताना, 'खट्' असा एक शब्द उमटू लागला होता. आमच्याकडील काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते, आणि तिच्या उरावर घातलेला डांबरी रस्ता निमूटपणे तिच्याबरोबर वर-खाली होतो. सबब ज्या गाडीतून असा शब्द उमटत नाही ती एकतर नवी असते किंवा उभी असते. तथापि आखाजी जवळ आली होती. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झाडाला झोके बांधले जातात, पितरांची घागर भरली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस यांचा बेत ठरतो. आणि भुसावळच्या स्टेशनावरून लेकीला 'खट् खट्' करीत घरी आणणे सरांच्या पितृहृदयास आणि त्याहीपेक्षा त्यांच्या घरच्या बाईंच्या प्रतिष्ठेस रुचणारे नव्हते. शाळेस सुट्टी लागली होती. सरांनी मागच्या बाकावर मंडळाचे तीन आणि पुढे एक असे चार सभासद बसवून हमरस्त्यापर्यंत एक फेरी मारली, आणि चौघांनीही उतरता उतरता एकमताने निर्वाळा दिला की, लोअर आर्मचा बुश गेला. या प्रकरणातील एकमताची ती पहिली आणि शेवटची घटना होय.

वाचकांपैकी ज्यांना अशा मंडळाचा लाभ नाही त्यांच्यासाठी एवढा खुलासा करणे प्राप्त आहे की, लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा पोलादी बाहू. तो सांगाड्याला जेथे मिळतो तेथे रबराचा एक जाड गोळा असतो, त्या रबराच्या पोटात एक पोलादी नळी असते, आणि त्या नळीतून आरपार एक बोल्ट जाऊन पलीकडे सांगाड्यालाच डाखलेल्या नटात शिरतो. या रबरी गोळ्यास बुश म्हणतात. रबर जुने झाले की फाटते आणि खट् असा आवाज येतो. उपाय सोपा आहे, आणि सरांकडे असलेल्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत तो एका वाक्यात दिलेला आहे: बोल्ट काढावा व आर्म खाली घ्यावा. अशा पुस्तिका लिहिणारांविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु त्यांनी खोललेली गाडी नेहमी कोरी करकरीत असते, तिने कधी केळीच्या बागेतला चिखल पाहिलेला नसतो, आणि 'काढावा' हे क्रियापद लिहिताना त्यांच्या हाताला तेलाचा डागसुद्धा लागलेला नसतो. 'मोक्ष मिळवावा' हे वाक्यही व्याकरणदृष्ट्या इतकेच सोपे आहे.

कामास प्रारंभ सूर्योदयाबरोबर झाला, कारण मे महिन्यात आमच्याकडे नऊनंतर उन्हात ठेवलेला पाना हातात धरता येत नाही, तो फडक्यात धरावा लागतो. चाक उतरले. गाडी जॅकवर उचलून सांगाड्याखाली रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन ठोकळे दिले गेले आणि शिवाय उतरलेले चाकही आडवे सारण्यात आले. नुसत्या जॅकवर भिस्त ठेवून गाडीखाली शिरणाऱ्या माणसाविषयी मंडळात कोणाचाही मतभेद नाही, त्याचा उल्लेख नेहमी भूतकाळात केला जातो. माझ्याकडे बॅटरी धरण्याचे खाते देण्यात आले. ज्याला यंत्रातले काही कळत नाही अशा सुशिक्षित माणसासाठी हे खाते सर्वत्र राखीव असते, आणि त्यात एक सोय अशी की, सर्व काही जवळून दिसते आणि कशाचीच जबाबदारी येत नाही.

सरांनी १७ ची गोटी बोल्टाच्या डोक्यावर बसविली, लांब दांडा लावला आणि जोर केला. बोल्ट हलला. गल्लीतून समाधानाचा एक हुंकार उठला. सरांनी दम खाण्यासाठी हात सैल सोडला, आणि बोल्ट सावकाश, कोणतीही घाई न करता, जेथून निघाला होता तेथे परत आला. सरांनी पुन्हा जोर केला. बोल्ट पुन्हा पाव फेरा आला. पुन्हा सोडताच पुन्हा स्वस्थानी गेला. गणिताच्या माणसाला हा प्रकार तत्त्वतः अमान्य होता. उलट दिशेने फिरविलेला बोल्ट सैल झाला पाहिजे, आणि सैल झालेला बोल्ट बाहेर आला पाहिजे, या सिद्धान्ताला कोठेही अपवाद दिलेला नव्हता. माझी बॅटरी त्या बोल्टाच्या सहा कोपऱ्यांवर स्थिर होती, आणि त्यांतील एका कोपऱ्यावरचा तांबेऱ्याचा ठिपका जाताना आणि येताना मला अगदी स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात पोटऱ्या दुखू लागल्यामुळे बाजूस उभा राहिलेला, अकरावीतला, मंडळाचा सभासद नसलेला एक पोरगा वाकून म्हणाला, "सर, बोल्ट नाही फिरून राह्यला, रबर फिरून राह्यलं!"

तेच खरे होते. बोल्ट आणि बुशची नळी यांच्यामध्ये पंधरा पावसाळ्यांचा गंज मुरला होता, आणि गंजाचा स्वभाव असा की, ज्या लोखंडापासून तो होतो त्याहून कितीतरी अधिक जागा तो व्यापतो. तेव्हा बारीकशा फटीत एकदा तो शिरला की दोन्ही बाजूंना दाबून दोन वस्तूंची एक वस्तू करून टाकतो. बोल्टाला पीळ दिला की नळी पिळली जात होती, नळीभोवतीचे रबर पिळले जात होते, आणि हात सोडताच रबर आपला पीळ सोडवून घेत होते. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा बोल्ट आता केवळ ठेवलेला नव्हता. दीर्घकाळच्या निर्वेध वहिवाटीने तो त्या जागेचे कूळ झाला होता, सातबाऱ्यावर त्याचे नाव चढले होते, आणि त्याला नोटीस देऊन बाहेर काढण्याचे दिवस केव्हाच गेले होते.

हा गंज इतका का चढला याविषयी मंडळापुढे जो पुरावा आला तो नोंद घेण्याजोगा आहे. सरांची तापीकाठी थोडी केळी आहे. केळीचे झाड जमिनीतून पालाश इतक्या हावरेपणाने ओढते की, शेतकऱ्याला पोटॅशची पोती सदैव वाहावी लागतात. हे पोटॅश म्हणजे रसायनदृष्ट्या मिठाचाच चुलतभाऊ असून लोखंडाशी त्याचे वैर तितकेच जुने आहे. सर ही पोती गाडीतून नेत, फुटक्या पोत्यातले सांडे, बागेच्या वाटेवरचा चिखल चाकांनी उडे, आणि घरी आल्यावर गाडीचा वरचा भाग तेवढा पुसला जाई. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या गोडव्यात जिल्ह्यातील किती बोल्टांचा बळी आहे याची नोंद त्या मानांकनात नाही.

मंडळाने उपाय सुचविण्यास आरंभ केला. येथे मला एक गोष्ट दिसली, आणि ती मी अन्यत्रही पाहिली आहे: मोडलेल्या वस्तूकडे पाहताना प्रत्येक माणसाला तीत आपली नोकरी दिसते. बागाईतदार भाऊंना रोग दिसला. त्यांनी फवारणी सांगितली. "याले आधी तेल पाजा, सर. रातभर पाजा. सकाळी आपसूक निंघते." त्यांच्या मते डिझेल आणि ब्रेक ऑइल समप्रमाणात हेच खरे औषध. चार्जमनसाहेबांनी यावर, दुकानात मिळणाऱ्या निळ्या-पिवळ्या डब्यातल्या डब्ल्यूडी-४० चा पुरस्कार केला, आणि अमेरिकेत सॅन डिएगो येथील एका छोट्या कंपनीने १९५३ साली ॲटलास क्षेपणास्त्राची कातडी गंजू नये म्हणून ते तयार केले, त्यातील चाळीस हा आकडा म्हणजे चाळिसावी कृती होय, अशी माहिती उभ्याने दिली. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला क्षेपणास्त्राचे तेल हे मोटारीच्या तेलापेक्षा वरच्या श्रेणीतले वाटावे यात नवल नाही. अखेर दोन्ही तेले पाजण्यात आली, आणि बोल्टाने दोन्ही पचविली.

रेल्वेतून निवृत्त झालेले आबा तेलाला बायकी उपाय मानतात. त्यांनी घरून घण आणला आणि त्याबरोबर आपला ठेवणीतला ११/१६ इंची पानाही आणला. आबांची या इंची पान्यावर निष्ठा आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडात आट्यांचे प्रमाण घालून दिले, तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नव्हता, हा इतिहास ते रामायणाच्या गांभीर्याने सांगतात. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, आबांनी ती अद्याप स्वीकारलेली नाहीत. अकरा-सोळांश इंच म्हणजे साडेसतरा मिलिमीटरला किंचित कमी. त्यामुळे असा पाना १७ च्या बोल्टावर बसल्याचा प्रामाणिक भास होतो, आणि जोर करताच बोल्टाचे सहाही कोपरे गोल करून तो मोकळा होतो. चार्जमनसाहेबांनी आबांच्या हातातून तो पाना चहाच्या पेल्याच्या मोबदल्यात काढून घेतला. त्या सकाळी मंडळाकडून झालेले सर्वांत उपयुक्त कार्य मी हेच समजतो.

मग जोर वाढविण्याचे ठरले. दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढविली की जोर वाढतो, हे आर्किमिडीजने सांगून ठेवले आहे. तो जोर बोल्टाला सोसेल की नाही याविषयी त्याने काही सांगितल्याचे आढळत नाही. जळगाव जिल्ह्यात पाइप मागितला की प्रथम ठिबकचा येतो, मग पाण्याच्या टाकीचा प्लॅस्टिकचा येतो, आणि हे दोन्ही अनुक्रमे वाकून झाल्यावर बोअरचा लोखंडी येतो. तो चढविण्यात आला. सर पाइपच्या टोकाशी, आबा सरांच्या पाठीशी. रबराने पीळ घेतला, आणखी घेतला, कुठे तरी आत 'चर्र' झाले, म्हणजे रबर फाटले, आणि ते ऐकून सर्वांना आशा वाटली, आणि मग फार मोठा नव्हे, आखाजीच्या बांगडीचा व्हावा एवढा 'टक्' असा आवाज होऊन सर आणि आबा हे दोघेही तुळशीवृंदावनापर्यंत मागे गेले. बोल्टाचे डोके गोटीत राहिले होते. उरलेला बोल्ट पूर्वस्थळी कायम होता.

तुटलेले ते डोके चार्जमनसाहेबांनी तळहातावर घेऊन उजेडात धरले आणि मला बॅटरी जवळ आणावयास सांगितले, तेव्हा जे दिसले ते मी विसरणार नाही. तुटल्या तोंडावर दोन रंग होते. एका कडेकडून निम्म्याहून अधिक भाग तांबूस-काळा होता, आणि त्यावर काठाला समांतर अशा बारीक कमानदार रेघा एकीपुढे एक उमटल्या होत्या; उरलेला भाग तेवढा करडा, खरबरीत आणि ताज्या साखरेच्या दाण्यांनी चमकणारा होता. साहेबांनी नखाने त्या रेघा दाखविल्या. प्रत्येक खड्ड्याला भेग थोडी पुढे सरकत आली होती आणि तितकीच गंजत आली होती. आजच्या सकाळी सर आणि आबांनी मोडला तो फक्त चमकणारा तुकडा. बोल्ट कित्येक महिन्यांपासून मोडतच होता आणि तरीही सर्व काही धरून होता. यावर बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून एवढेच विचारले की, मग हा भुसावळच्या रस्त्यावर, भरधाव जाताना मोडला असता तर काय? त्या प्रश्नावर मंडळाने मौन पाळले आणि चहा मागितला.

चहाबरोबर पंचनामा झाला. दीपनगरहून निवृत्त झालेल्या तात्यांचे, ज्यांनी आयुष्यभर बॉयलरच्या नळ्या जोडल्या, म्हणणे पडले की, थंड लोखंडाशी बोलणे व्यर्थ आहे. त्याला लाल होईतो तपवावे, ते फुगेल, गंजाची पकड सुटेल, मग ते निघेल. सिद्धान्त निर्दोष होता, परंतु ज्या नळीत बोल्ट अडकला होता तिच्याभोवती रबर होते, त्याच्यापासून वितीवर ब्रेकची नळी होती, आणि खाली सांडलेली दोन प्रकारची तेले होती. शिवाय वरणगावात मे महिन्यात दहा वाजता लोखंड तपविण्यासाठी वेगळा खर्च करणे कोणालाही पटेना. चार्जमनसाहेबांचा प्रस्ताव अधिक शास्त्रीय होता: तुटल्या तोंडाच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करावी, बारीक ड्रिलने भोक पाडावे, ते वाढवीत न्यावे, आणि त्यात उलट्या आट्यांचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर घालून डावीकडे फिरवावा, तो जसजसा फिरतो तसतसा आत रुतत जातो आणि अखेर बोल्टाला सोबत घेऊन बाहेर पडतो. ऐकावयास यापरते सुंदर काही नाही. परंतु हा एक्स्ट्रॅक्टर फार कठीण पोलादाचा असल्याने ठिसूळ असतो, आणि तो जर आतच मोडला तर जगातील कोणतेही साधे ड्रिल त्याला भेदू शकत नाही, हेही साहेबांनीच नंतर, बाजारातल्या ड्रिलची पहिली सुई त्या बोल्टावर घासून घासून निळी पडल्यावर, सांगितले. बोल्टाच्या डोक्यावर १०.९ असे, म्हणजे पोलाद फार कणखर असल्याचे, कोरलेले होते. त्या आकड्यांचा अर्थ लावता येणाऱ्या माणसाने सुई स्वस्तातली आणू नये असे मला वाटून गेले, परंतु बॅटरीच्या खात्याला टिप्पणीचा अधिकार नसतो.

या टप्प्यावर लेकीचा व्हिडिओ कॉल आला आणि मोबाइलच्या पडद्यावर तिच्या खांद्यामागून जावईबापू डोकावले. जावईबापू चाकणकडे मोटारींचे भाग संगणकावर रेखाटतात. त्यांच्या पडद्यावर बोल्टाला गंज चढत नाही. त्यांनी मोबाइल गाडीखाली न्यावयास सांगितला, क्षणभर पाहिले, आणि अतिशय आदबीने म्हणाले, "बाबा, बोल्ट वाचवायचाच कशाला? बुश तसाही गेलाय. दोन्ही बाजूंनी कापून टाका आणि आर्मच नवा घाला, बुशसकट मिळतो." अंगणात शांतता पसरली. हे बरोबर होते, हे सर्वांना त्याच क्षणी कळले. आणि सबंध सकाळभर हे कोणी बोलले नव्हते, हेही कळले. शांततेचा भंग चार्जमनसाहेबांनी केला. "जुनं काढून नवं घालणं याला दुरुस्ती नाही म्हणत, खरेदी म्हणतात," ते म्हणाले. मला त्यांचे दुःख समजले. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे कानशीने धातूची एकेक लव काढून वस्तू मापात बसविली, त्यांना 'अख्खा भाग बदला' हा सल्ला ज्ञानाचा अपमान वाटणारच. परंतु जावयाच्या शब्दाला आखाजीच्या तोंडावर उपसूचना मांडता येत नाही.

कापावयाचे ठरले तेव्हा कळले की, बुश आणि सांगाड्याचा पत्रा यांच्या दरम्यान कापण्यास जागा आहे ती नखभर, आणि तेथे एक्सा ब्लेडची चौकट जात नाही. तेव्हा सरांनी नुसते पाते घेतले, त्याच्या एका टोकाला सुती चिंधी गुंडाळली, आणि उताणे पडून, बोटांच्या पेरांनी ते पाते त्या फटीत पुढे-मागे करण्यास सुरुवात केली. आजवर ज्या ज्या हत्यारांनी काम झाले नाही ती सर्व आवाज करीत होती. हे पाते फक्त किरकिरत होते. प्रत्येक ओढीला अगदी थोडा करडा भुगा सरांच्या चष्म्यावर पडे. वाटीतले तेल थेंबाथेंबाने सोडण्याचे काम अकरावीतल्या पोराकडे गेले. पाते तापे, दाते जात, नवे पाते येई. सरांच्या मधल्या बोटाचे कातडे पत्र्याच्या कडेने निघाले, तेथे हळद बसली, आणि काम चालू राहिले. मंडळाला या पद्धतीत सूचना करण्यासारखे काही सापडेना, कारण पुढे आणि मागे यांखेरीज तीत तिसरी दिशाच नव्हती. एकेक सभासद जेवावयास गेला. उन्हे कलल्यावर, पलीकडची बाजूही कापून झाली तेव्हा, आर्म आपल्या वजनाने खाली येऊन सरांच्या छातीवर अलगद टेकला. आत नळीला चिकटलेला बोल्टाचा मधला खंड तेव्हाही जागचा हलला नव्हता. तो आजही त्या नळीतच आहे.

राहिला प्रश्न सांगाड्याला डाखलेल्या नटात अडकलेल्या बुंध्याचा. त्याचे अर्धे पेर बाहेर डोकावत होते. गल्लीच्या तोंडाशी ग्रिलचे दरवाजे करणारा वेल्डर आहे. तो आपले यंत्र हातगाडीवर घालून घेऊन आला, आजूबाजूला ओले गोणपाट लावले, बॅटरीची तार सोडविली, म्हणजे गाडीच्या बॅटरीची, माझ्या नव्हे, आणि त्या बुंध्यावर एक नवा नट ठेवून त्याच्या पोटात डाख भरला. त्याने ठिणगी पाडताच सर्वांनी तोंडे फिरविली. डाख काळा पडल्यावर पाना लावला, आणि दिवसभर ज्याने चार खात्यांना जुमानले नव्हते तो बोल्ट, एकदा मागे, एकदा पुढे असे अंग मोकळे करून, सरळ फिरत बाहेर आला. डाखाच्या धगीने बुंधा आधी फुगला आणि निवताना आकसला, आट्यांतला गंज चुरला गेला, आणि वरच्या नटामुळे पान्याला धरावयास नवे डोके मिळाले. एवढेच त्याचे कारण.

निदान एवढेच असावे असे मला वाटत होते. परंतु सायंकाळी मंडळ पुन्हा पूर्ण संख्येने भरले आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. भाऊंचे म्हणणे, तेल मुरलेच होते, त्याला फक्त वेळ हवा होता. तात्यांचे म्हणणे, अखेर उष्णतेनेच काम झाले, आणि हे आपण चहाच्या आधी सांगितले होते. आबांनी सांगितले की, त्यांनी पाइपला जो झटका दिला त्यानेच आटे आतून सुटले, पुढचा सर्व केवळ देखावा. चार्जमनसाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी तुटलेले डोके आणि निघालेला बुंधा हे दोन्ही रुमालात बांधून 'तपासणीसाठी' घरी नेले, आणि ज्याच्या ताब्यात मुद्देमाल त्याचाच अहवाल खरा धरला जातो हे सरकारी नोकरीत घालविलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. वेल्डर आपले पैसे घेऊन केव्हाच गेला होता.

नवा आर्म दुसऱ्या दिवशी बसला. बसविण्याविषयी दोन गोष्टी मात्र सांगून ठेवतो, कारण त्या पुष्कळ ठिकाणी पाळल्या जात नाहीत. बोल्टाचा जो भाग नळीत राहतो तेवढ्यावर ग्रीसचा हलका हात द्यावा. आट्यांवर चोपडू नये. नट आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्टाला ताण देण्याच्या कामी येतो आणि बाकीचा घर्षणात जातो, हे प्रमाण सरकारी योजनांच्या अभ्यासकांना परिचित वाटेल. परंतु आट्यांना ग्रीस लावून ते घर्षण घटविले की तोच जोर बोल्टाला पेलवेनासा ताण देऊन बसतो. दुसरे असे की, शेवटचा आवळ गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन तिच्यावर पडल्यावरच द्यावा. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश जुन्याच्या वाटेने लौकर जातो. सरांनी हे दोन्ही केले. आवाज गेला. लेक स्टेशनावरून घरी येईतो एकदाही 'खट्' झाले नाही. तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही.

आता डाव्या बाजूचा बोल्ट. तो त्याच वर्षी, त्याच कारखान्यात बसविला गेला आहे, त्याने तेच पोटॅश खाल्ले आहे, आणि त्याच्या पोटातली भेग कोठवर आली आहे हे त्याचे डोके हातात आल्याखेरीज कळणार नाही. आखाजी उरकून लेक सासरी गेली की येणाऱ्या रविवारी, सूर्योदयास, त्याच अंगणात काम सुरू होईल. सूचना करू इच्छिणारांनी वेळेवर हजर राहावे, खुर्ची आपापली आणावी, आणि इंची पाने घरीच ठेवून यावे, ही विनंती.